राबत्या हातांची नोंद



वाशीम गाव फार जुने, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. वत्सगुल्म हे त्याचे प्राचीन नाव. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली येथे विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला आणि विद्वानांना या शाखेचा नीट पत्ता लागला. याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही उत्तम लेणी झाली. सोळाव्या लेण्यातील लेखात त्याचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. पुढे अठराव्या शतकात भवानी काळू यांनी वाशीमला बालाजीचे मंदिर उभारले, तेही नाव आपण आदराने घेतो. राजा ठाऊक, मंत्री ठाऊक, देणगीदार ठाऊक. पण ज्यांनी दगड फोडला, माती उपसली, चुना मळला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही.

याचा अर्थ राबणारा माणूस जुन्या लेखांत मुळीच नाही असा मात्र नव्हे. वाकाटकांची जी दानपत्रे विदर्भात सापडली, त्यांत, उदाहरणार्थ अचलपूरजवळच्या चम्मकच्या ताम्रपटात, दान दिलेल्या गावाला कोणकोणत्या कर-बोजांतून सूट आहे याची यादी दिलेली असते. त्या यादीत ‘विष्टी’ हा शब्द येतो. विष्टी म्हणजे मजुरी न देता सक्तीने करवून घेतलेले काम. आपण बोलताना ‘वेठीला धरले’ म्हणतो ना? तो ‘वेठ’ शब्द याच विष्टीपासून आला. दीड हजार वर्षांपूर्वी या मुलखात वेठ इतकी नित्याची होती की तिची माफी तांब्यावर कोरून द्यावी लागे. राबणारा माणूस इतिहासात आला, पण तो दुसऱ्याच्या दानपत्रातील एका शब्दापुरता आला.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या माणसाविषयी. आपल्या जिल्ह्यातील कष्टकऱ्यांचा इतिहास जपायचा कसा, तो कोणी जपायचा, आणि जपून करायचे काय, हे तीन प्रश्न आहेत. आपल्या ऐकणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी हे बोलणे थोडे कामाचे म्हणूनच ऐकावे, अशी विनंती आहे.

कागद कुणाचे, आवाज कुणाचा?

इंग्रजी अमदानीत कागद वाढले. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी या प्रांताचे गॅझेटिअर तयार केले. पुढे वाशीम हा वेगळा जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात विलीन झाला आणि १९१० साली अकोला जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. आपला जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणून वाशीमच्या एखाद्या खेड्याचा जुना कागद पाहायचा तर अजूनही अकोल्याच्या नाही तर नागपूरच्या दप्तराची पायरी चढावी लागते.

ही गॅझेटिअरे मोलाची आहेत, यात शंका नाही. पिके, पाऊस, रस्ते, बाजार, जातीजमाती यांची माहिती त्यांत आहे. पण ती लिहिणारा साहेब खुर्चीवर बसलेला आहे. त्याला सारा किती येतो आणि कापूस किती निघतो हे जाणून घ्यायचे आहे. कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर संध्याकाळी किती दुखते, हा त्याचा प्रश्नच नव्हता. ज्याने प्रश्न विचारला, त्याच्या गरजेपुरतेच उत्तर कागदावर उतरते.

उलट कुणी विचारले तर काय होते, त्याचेही उदाहरण आहे. १८८१ साली हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा झाला. वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते, आणि कापसाची जिनिंगे तर हंगामीच. पुढे १८८४-८५ साली मुंबई सरकारने कारखान्यांतील कामाची चौकशी केली. तिच्यापुढे खानदेशातील जिनांची हकीकत आली. भर हंगामात बाया पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत रेच्यांवर उभ्या असत, हे तेव्हा प्रथम सरकारी कागदावर आले. खानदेश म्हणजे आपला शेजारच. तेच कापूस, तेच रेचे. तिकडे चौकशी झाली म्हणून तिकडच्या बायांचे कष्ट आज आपण वाचू शकतो. जेथे कुणी विचारले नाही, तेथेही कष्ट तितकेच झाले असतील. फक्त ते कुणी लिहून ठेवले नाहीत.

आपल्या मुलखातील तीन कथा

आता वाशीम जिल्ह्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि तीत शंभरातील ब्याऐंशी माणसे खेड्यात राहणारी होती. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. या सहा तालुक्यांत कष्टाच्या निदान तीन मोठ्या कथा आहेत, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पहिली कथा तांड्याची. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे. आज आपण तांडा म्हटले म्हणजे एका जागी वसलेली वस्ती समजतो. पण मुळात तांडा हा चालता होता. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ, कापूस देशभर नेणारे हे लोक. त्यांच्या या फिरत्या व्यापाराला लदेणी म्हणत. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जाई आणि तेथून नावांत चढे. महिनेच्या महिने लागत. वाटेत पाणी कोठे, चारा कोठे, नदीला उतार कोठे, याचे सारे ज्ञान या लोकांच्या डोक्यात होते.

मग १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. पक्के रस्ते झाले. बैलाच्या पाठीवरचा माल गाडीच्या डब्यात गेला आणि लदेणी बसली. कापूस महाग झाला, बाजार फुलले, ही गोष्ट पुस्तकांत सापडते. त्याच रुळांनी तांड्याच्या पोटावर पाय दिला, ही गोष्ट क्वचितच. पुढे १८७१ च्या कायद्याने कित्येक फिरत्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो शिक्का पुसला जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे, त्यामागे हा सारा इतिहास आहे.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण संग्रहालयात पोषाख, दागिने, नंगारा ठेवता येतो. प्रत्येक तांड्याची स्वतःची हकीकत तेथे मावणार नाही. आपला तांडा या जागी कधी थांबला, नायक कोण होता, पहिली जमीन कुणी कशी केली, पहिली मुलगी शाळेत कधी गेली, हे त्या त्या तांड्यातच विचारावे लागेल. तेही गोरबोलीत, कारण आजीची खरी गोष्ट त्याच बोलीत येते.

दुसरी कथा कापसाची आणि शकुंतलेची. कारंजा ही कापसाची नामांकित पेठ. १९०३ साली मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. पुढे तिला सारा मुलूख ‘शकुंतला’ म्हणू लागला. किलिक निक्सन या विलायती कंपनीने हा धंदा उभारला तो कापसासाठी. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावले ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. त्यानंतर डिझेलचे आले. आता ती गाडीही बंद आहे.

शकुंतलेविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ आले. कंपनीचा करार, मालकी, रुळांची रुंदी, इंजिनाचे वय, सगळे आले. पण इंजिनात कोळसा टाकणारे हात कुणाचे होते? रुळांखालची गिट्टी कोण ठोकत असे? शेवटच्या काळात माणसे इतकी थोडी उरली होती की गार्डच तिकिटे देई आणि फाटकही पाही, असे लोक सांगतात. ही सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या घरी एखादा पितळी बिल्ला, एखादी जुनी पगारपत्रिका, हातकंदील असेल. भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी त्याची नोंद व्हायला हवी.

जिनांचेही तेच. दिवाळीनंतर जिनाचा भोंगा वाजू लागे. बंड्यांची रांग लागे. रेच्यावर कापूस देणाऱ्या बाया, सरकी उचलणारे, गाठी बांधणारे, काट्यावरचा मापारी, हमाल, प्रत्येकाचे काम वेगळे, प्रत्येकाची मजुरी वेगळी आणि प्रत्येकाचा खोकला मात्र एकच, रुईच्या धुळीचा. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हाचे चुकारे, तेव्हाच्या रांगा, हा तर अगदी कालपरवाचा इतिहास. तोही आपण लिहून ठेवलेला नाही.

तिसरी कथा शेतमजुराची, आणि ती सगळ्यांत मोठी. पाडव्याला सालदाराचे साल ठरायचे. धान्य किती, रोकड किती, घोंगडे-जोडा मिळणार की नाही, आगाऊ उचल किती, सगळे तोंडी. कागद नाही, म्हणून पुरावाही नाही. एकेका घराण्यात बापाचे साल मुलाने फेडले, अशी उदाहरणे म्हातारी माणसे सांगतात. बायांची निंदणी, वेचणी रोजाने किंवा वजनावर. शिवाय गावगाड्यातील बलुतेदार: सुतार, लोहार, चांभार, कुंभार, आणि ज्यांच्याकडे गावकीची सगळी कष्टाची व अप्रतिष्ठेची कामे लादली होती ते महार-मांग. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या घरांनी मेलेली गुरे ओढण्याचे काम टाकले, त्यांना गावात काय सोसावे लागले, हाही श्रमाचाच इतिहास आहे. काम करण्याचा जसा इतिहास असतो, तसा काम नाकारण्याचाही असतो.

आणि १९७२ चा दुष्काळ. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी आठवणारी माणसे आजही गावोगाव भेटतात. याच अनुभवातून राज्याचा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, आणि २००५ साली केंद्रानेही ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा केला. म्हणजे देशाच्या एका मोठ्या कायद्याचा पाया खडी फोडणाऱ्या हातांनी घातला. त्यांच्या हजेरीपटाला ‘मस्टर’ म्हणत. त्या मस्टरवर ज्यांनी अंगठे उठवले, त्यांतला तेव्हाचा वीस वर्षांचा तरुण आज सत्तरी ओलांडून गेला आहे.

घाई कशाची?

कुणी म्हणेल, इतिहास तो, त्याला घाई कसली? घाई आहे, बरं का. एक तर माणसे जात आहेत. दुसरे, शब्द जात आहेत. आपल्या जिल्ह्यात कापसाची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीन सोंगतात आणि मळणीयंत्रात घालतात. त्याला कापसासारखी वेचणी नाही. वेचणी गेली की तिच्याबरोबर सीतादही जाते, सरवा जातो, उलंगवाडी हा शब्दही जातो. ट्रॅक्टर आल्यावर तिफण, सरते, चाडे, डवरा यांची नावे मुले विसरतात. पोळ्याच्या तोरणाखाली ज्या झडत्या म्हटल्या जातात, त्यांत बैलाचे कौतुक असते तसाच सावकाराच्या तगाद्याला आणि गावच्या पुढाऱ्याला चिमटाही असतो. त्या ऐकून लिहून काढल्या तर कष्टकऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला इतिहासच हाती येतो. पण बैलच उरले नाहीत तर झडत्या कुणापुढे म्हणणार?

तिसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. जे घराणे पिढ्यान् पिढ्या फिरत राहिले, मजुरीसाठी गाव सोडत राहिले, त्याने कागद आणायचा कुठून? आजोबा कोणत्या गावच्या शाळेत दोन वर्षे बसले होते, कोणत्या पाटलाकडे सालदार होते, कोणत्या साली कोठे जन्मनोंद झाली, हे घरात कुणाला तरी ठाऊक असते. नुसती तोंडी हकीकत म्हणजे पुरावा नव्हे. पण कोणत्या शाळेचे रजिस्टर आणि कोणत्या गावचे कोतवाल बुक उघडायचे, हे त्या हकीकतीवरूनच कळते. आजी गेली की ती वाटही बुजते. मग नातवाचा प्रवेश अडतो, नोकरी अडते. तेव्हा हा विषय फावल्या वेळचा छंद नाही.

दुसऱ्यांनी काय केले?

हे काम नवे नाही. महाराष्ट्रात त्याचे चांगले नमुने आहेत. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्याच संपल्या. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावात हिंडून कामगारांच्या, त्यांच्या बायकांच्या, खानावळवाल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि २००४ साली त्यांतून शंभर वर्षांचा इतिहास पुस्तकरूपाने आला. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, पण कामगारांचे बोलणे उरले.

हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी दुसरे मोठे काम केले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले, तशा ओव्याही थांबत चालल्या होत्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने आल्या. गाणारीचे नाव, गाव सांगून, तिच्या आवाजासकट. त्याआधी १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती दिल्या. ज्या बायांची नावे सभांच्या वृत्तांतात नव्हती, त्या स्वतः बोलल्या.

परदेशातही असेच झाले. स्वीडनमधील लेखक स्वेन लिंडक्विस्ट यांनी १९७८ साली एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ ‘जेथे उभे आहात तेथेच खणा’ असा आहे. कारखान्याचा इतिहास मालक लिहवून घेतात. पण त्या कामाचे खरे जाणकार ते काम करणारेच, म्हणून त्यांनी स्वतःच्या कामाचा शोध स्वतः घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून तिकडे गावोगाव कामगारांची अभ्यासमंडळे निघाली.

इतके लांब कशाला? आपल्या कारंज्यातच पाहा. तेथील जैन भांडारांत जुन्या पोथ्या शतकानुशतके टिकल्या. का टिकल्या? कुणी तरी त्या कापडात बांधल्या, कोरड्या जागी ठेवल्या, आणि पुढे रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्य प्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची जी सूची छापली, तीत त्या नोंदल्या गेल्या. बांधणे, ठेवणे आणि यादी करणे, एवढ्या तीनच गोष्टींनी ग्रंथ वाचले. आपल्याला माणसांच्या आठवणींसाठी नेमके हेच करायचे आहे.

काम कसे करावे?

आता शिक्षकांसाठी आणि गावातल्या तरुणांसाठी थोडे तपशिलाने सांगतो.

पहिली गोष्ट, म्हाताऱ्या माणसासमोर बसून ‘तुमचा इतिहास सांगा’ असे म्हणू नये. माझा अनुभव असा की असे विचारले की उत्तर ठरलेले येते, “आमचा कसला इतिहास बाप्पा? जनमभर मजुरी केली.” त्याऐवजी कामाचे विचारावे. सकाळी किती वाजता निघत होता? शिदोरीत काय असे? तान्हे लेकरू धुऱ्यावर कुणाच्या भरवशावर ठेवत होता? मजुरी पायलीने मिळे की पैशाने? बाईला किती, गड्याला किती? विळा स्वतःचा की मालकाचा? बोट कापले तर औषधपाण्याचे कोण पाही? कोणाशी भांडण झाले, कामावर जायचे कधी बंद केले? असे एकेक विचारीत गेले की माणूस हळूहळू खुलतो आणि तास कसा गेला ते कळत नाही. हातात जुने अवजार दिले तर आणखी बरे. डवऱ्याचे दांडे हातात आले की सांगणे आपोआप सुरू होते.

दुसरी गोष्ट काळाची. साल कुणाला आठवत नाही, पण घटना आठवते. म्हणून चार खुंट्या ठोकून ठेवाव्यात. १९५६ ची धम्मदीक्षा, १९७२ चा दुष्काळ, १९९४ साली शकुंतलेचे वाफेचे इंजिन थांबले तो दिवस, १९९८ साली वाशीम जिल्हा झाला ते वर्ष. शिवाय प्रत्येक गावाच्या आपल्या खुंट्या असतात: वीज आली, धरणात शेत गेले, पहिली मोटार आली. “हे मिलो खायच्या आधी की मागून?” असे विचारले की साल दोनचार वर्षांच्या अंतरात नक्की होते.

तिसरी गोष्ट पडताळ्याची. एकाचे ऐकून थांबू नये. तीच गोष्ट मजुराला विचारावी, मालकाच्या घरी विचारावी, आणि मजुराच्या बायकोला निराळी विचारावी. दोघांचे जुळले नाही तर दोन्ही लिहून ठेवावे. कोण का वेगळे सांगतो, हेही कळण्यासारखे असते. मग कागद पाहावा. शिक्षकांच्या तर कपाटातच खजिना आहे. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडा. त्यात शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असते. कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, कोणत्या वस्तीतली मुले शाळेतून गेली हे वर्षवार मांडले, तर गावातले स्थलांतर डोळ्यांपुढे उभे राहील. सातवी-आठवीच्या मुलांनी हे गणित करावे. तो इतिहासाचा तास होईल आणि गणिताचाही. मात्र मुलांपुढे नुसते आकडे ठेवावेत. नावे आणि जाती शिक्षकांनी आपल्यापाशीच ठेवाव्यात.

चौथी गोष्ट, सांगणाऱ्याचा मान. हे मी जरा ठासून सांगतो. जो सालदार आपल्याला मारहाणीची गोष्ट सांगतो, त्याच्या मालकाचा नातू आज त्याच गल्लीत राहत असेल, कदाचित ग्रामपंचायतीतही असेल. आपण गोष्ट नेऊन छापली आणि उद्या त्या म्हाताऱ्याचे पाणी तुटले तर जबाबदार कोण? म्हणून आधी परवानगी घ्यावी. नाव घालू का, आत्ताच सांगू का, की तुमच्या माघारी सांगू, हे विचारावे. एखादे पान दहा वर्षे मिटून ठेवले तरी चालते. ते फाडून टाकू नये, एवढेच. बायांची मुलाखत शक्यतो बायांनी घ्यावी. लिहून झाले की सांगणाऱ्याला वाचून दाखवावे. “हे असं नाही लिहायचं” असे तो म्हणाला तर दुरुस्त करावे. ती गोष्ट त्याची आहे, आपली नव्हे.

आणि नुसता गौरवही नको. कष्टकऱ्यांतही मुकादम असतो जो आपल्याच माणसांची उचल खातो, आणि नवराही असतो जो बायकोची मजुरी हिसकावून घेतो. तेही लिहावे. नाही तर राजांची स्तुती टाकून आपण दुसऱ्या कुणाची स्तुती लिहिली, एवढाच फरक पडेल.

पाचवी गोष्ट जपणुकीची. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यामुळे आवाज टिपणे सोपे झाले. पण मोबाईल बदलला, फुटला, की सारे गेले. म्हणून प्रत्येक टिपणाबरोबर पाच गोष्टी कागदावर लिहाव्यात: सांगणाऱ्याचे नाव, गाव, काम, अदमासे वय आणि टिपण्याची तारीख. सांगणाऱ्याने नाव देऊ नका म्हटले असेल तर त्या जागी खुणेचा आकडा घालावा. मुख्य मजकूर वहीत उतरवावा, आणि तो त्याच्याच बोलीत. ‘मी गेलो होतो’ असे शुद्ध करून लिहू नये. तो ‘म्या गेल्तो’ म्हणाला असेल तर तसेच लिहावे. तीन प्रती कराव्यात. एक शाळेत, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात, एक सांगणाऱ्याच्या घरी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात खेडोपाडी वाचनालये उभी राहिली. त्यांच्या कपाटात कादंबऱ्यांच्या शेजारी गावाचीही एक वही असायला काय हरकत आहे?

साठवले ते वाटावे

कपाटात कुलूपबंद ठेवलेला इतिहास असून नसल्यासारखा. १ मे हा महाराष्ट्र दिनही आहे आणि कामगार दिनही. त्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर पारावर किंवा शाळेच्या पटांगणात, ज्यांची मुभा आहे अशा दोन-तीन हकीकती मोठ्याने वाचाव्यात. ऐकणाऱ्यांतून कुणी तरी उठून म्हणतेच, “तसं नव्हतं ते, मी होतो तिथं.” लगेच त्याला पुढे बसवावे आणि त्याचेही लिहून घ्यावे. पोळ्याला झडत्या टिपाव्यात. शाळेच्या एका भिंतीशी जुनी अवजारे नावानिशी मांडावीत: हे कुणाच्या घरचे, कुणी घडवले, कशाला वापरीत. तांड्यातील मुलांनी आजीकडून गोरबोलीतले कामाचे शब्द आणावेत आणि फळ्यावर त्यांच्याशेजारी वऱ्हाडी शब्द लिहावेत. वर्गात गप्प बसणारे मूल त्या दिवशी गुरुजींना शिकवील.

ज्या मुलाच्या आईने पाझर तलावावर खडी फोडली, त्याला त्या तलावाकडे बोट दाखवून ‘हा आमच्या मायनं बांधला’ असे सांगता आले पाहिजे. आज तो तलाव फक्त सरकारी पाटीवरच्या खात्याच्या नावाने ओळखला जातो.

तेव्हा माझी विनंती फार मोठी नाही. प्रत्येक शाळेने यंदा दहा माणसे निवडावीत, साठीच्या पुढची, निरनिराळ्या वस्त्यांतली, निरनिराळ्या कामांची, आणि त्यांत निदान पाच बाया असाव्यात. एकेका माणसासाठी एक संध्याकाळ द्यावी. दहा संध्याकाळी म्हणजे काही फार नव्हे. पण सहा तालुक्यांतल्या शंभर शाळांनी एवढे केले तर हजार माणसांचे बोलणे जमेल. सुरुवात कोठून करावी, असे कुणी विचारील, तर शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईपासून करावी. ती रोज समोरच असते, आणि तिचे लहानपण कुठल्या शेतात गेले हे बहुधा कुणी तिला विचारलेले नसते.